पुऱ्यांचे शहर, गल्ल्यांचे धंदे

मुंबईला माल भरायला जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना पत्ता विचारावा लागत नाही. कापड हवे तर मंगलदास मार्केट, हत्यारे-अवजारे हवी तर नागदेवी, सुका मेवा हवा तर मस्जिद बंदर, दागिने हवे तर झवेरी बाजार. बंदराच्या शहरात माल उतरतो आणि मालाप्रमाणे गल्ली वसते. पण औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) समुद्र नाही. तरीही येथे रंगारगल्ली, कुंभारवाडा, सराफा आणि दलालवाडी ही नावे आहेत. ती कशी पडली आणि त्यांचा आजच्या धंद्याशी काय संबंध, ते या वेळी पाहू.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसवले. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. रंगारी असो की कागदी, भरपूर पाण्याशिवाय त्याचे काम चालत नाही, म्हणून आम्ही नहरीला या शहराच्या व्यापाराचा पाया मानतो. पुढे १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला. त्याच्याबरोबर सरदार आले आणि त्यांच्या लष्करांच्या छावण्यांचे पुरे झाले. जयसिंगपुरा मिर्झा राजा जयसिंगाचा, कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंगाचा. लोक बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे म्हणतात. मोजायला बसू नये, पण पुष्कळ होते हे खरे. लष्कराला पीठ, कापड, खोगीर, भांडी सारेच रोज लागते. म्हणजे गिऱ्हाईक येथे आधी आले, कारागीर मागून.

बंदर होते, पण दूर, सुरतेला. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना याच वाटेने गेला. बीबीच्या मकबऱ्यासाठी संगमरवर वाहणारे तीनशेहून अधिक गाडे त्याला वाटेत दिसले. सर्वांत लहान गाड्यालाही बारा बैल होते, असे तो लिहितो. आजच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी तो खर्च मनातल्या मनात लावून पाहावा.

आता मुख्य मुद्दा. एका धंद्याचे लोक एका मोहल्ल्यात राहत, ते केवळ बिरादरीमुळे नव्हे. त्यात भांडवलाची बचत होती. हिमरूचेच उदाहरण घ्या. हिमरूत ताणा सुताचा, आणि सुती जमिनीवर रेशमाच्या जादा बाण्याने नक्षी उठते. त्याचा सोबती मशरू. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. पुरुषाला रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी युक्ती काढली: वरच्या अंगाला रेशीम दिसते, कातडीला मात्र सूत लागते. दिनदार माणसाला शेरवानीची हौस भागवता आली आणि विणकराला गिऱ्हाईक मिळाले.

हे कापड एकट्या विणकराचे नसते. सूत उकलणारा वेगळा, रंगारी वेगळा, ताणा लावणारा वेगळा, नक्षी बांधणारा वेगळा. जकार्ड आल्यावर पत्ते छेदणारा आला. माग दुरुस्त करणारा सुतार लागतो तो निराळाच. हे सारे हाकेच्या अंतरावर असले तर विणकराला चार शेर सूत उधारीवर रंगवून मिळते, मोडलेला माग संध्याकाळपर्यंत चालू होतो, उस्तादाचा पोरगा पाहतापाहता शिकतो. यातला एक दुवा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला की विणकराचा दिवस जातो. दोन दुवे गेले की माग बंद. धान्याच्या अडत्याचे तसे नाही. जुना मोंढा सोडून जाधववाडीच्या बाजार समितीत बसले तरी ट्रक तेथेही येतो आणि काटा तेथेही चालतो.

हिमरूला धक्के अनेक बसले. १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली, तेव्हा बडे गिऱ्हाईक लांब गेले. तरी माल तिकडे जात राहिला. १८८९ मध्ये येथे कापड गिरणी निघाली, १९०० मध्ये रेल्वे आली आणि स्वस्त कापड दाराशी आले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर अमीर-उमरावांची मागणी आटली. मग पर्यटकांसाठी अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या विणून काही घरे टिकली. पण आमच्या मते शेवटचा घाव गिऱ्हाइकाच्या अभावाचा नाही. खरेदीदार आजही येतो. घाव आहे तो शेजार मोडल्याचा. रंगारगल्लीत आज रंगाच्या कढया शोधाव्या लागतात.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरील कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद होत आला आहे. तेथेही वस्ती टिकली म्हणून हुन्नर टिकला. कामाचे नाव गावाला असलेली अशी जागा आता विरळाच.

कापडाचा व्यापार करणाऱ्या बंधूंना दोन गोष्टी सुचवतो. यंत्रमागाची शाल हिमरू म्हणून विकू नका. बिलावर यंत्रमाग असेच लिहा. त्यात नफाही राहतो आणि हातमागाच्या मालाला त्याचा भाव मागता येतो. दुसरे, हातमागाचा माल घेणार असाल तर ऑर्डर हंगामाच्या तोंडावर देऊ नका. लग्नसराईच्या पाच-सहा महिने आधी द्या आणि बयाणा रंगाईच्या वेळी मोजा, कारण विणकराची रोकड अडकते ती तेथेच. विणलेले कापड हातात आल्यावर दिलेले पैसे त्याला मागचे देणे फेडायला जातात, पुढचा ताणा त्यातून लागत नाही.