आधी नाव, मग गाणं

मुशायऱ्यात एक साधा रिवाज आहे. दुसऱ्या कुणाचा शेर ऐकवायचा असेल, तर आधी त्याचं नाव घ्यायचं आणि मग शेर वाचायचा. नाव न घेता वाचलात, तर पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा हटकून विचारतो, ‘‘कुणाचा आहे, मियाँ?’’ ब्लूज रॉक या पाश्चात्त्य संगीताच्या शौकिनांविषयी बोलायचं ठरवलं तेव्हा मला पहिल्यांदा हा प्रश्न आठवला. त्यांच्या गप्पा, शिफारशी, थट्टामस्करी हे सगळं शेवटी त्यावरच येऊन थांबतं. हे मुळात कुणाचं?

असे दोनतीन शौकीन एकत्र आले की काय होतं पाहा. एक म्हणतो, ‘‘जॉन मेयॉलचा एरिक क्लॅप्टनबरोबरचा १९६६चा अल्बम ऐक. गिटार काय चीज आहे ते कळेल.’’ दुसरा म्हणतो, ‘‘तो होय! मुखपृष्ठावर क्लॅप्टन लहान मुलांचं चित्रसाप्ताहिक वाचत बसलाय तो? त्यापेक्षा मेयॉलकडे त्याच्या जागी आलेला पीटर ग्रीन ऐक.’’ एवढा वेळ गप्प बसलेला तिसरा मग हळूच विचारतो, ‘‘ते दोघं राहू द्या. ते ज्यांच्याकडून शिकले, त्यांना ऐकलंत का?’’ झालं! रात्रीचे बारा वाजतात. वाद कुणीच जिंकत नाही, पण घरी जाताना प्रत्येकाच्या खिशात दोन नवी नावं असतात.

आता थोडं मुळाकडे जाऊ. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या मळ्यांत ते वाढलं. त्याची सर्वात परिचित घडण अगदी साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांच्या बारा खंडांत हे आवर्तन पुरं होतं. शायर पहिला मिसरा दोनदा का म्हणतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचं मर्म सांगायला नको. ऐकणाऱ्याला तिष्ठत ठेवायचं आणि मग चाप ओढायचा! आगगाडी, चौरस्ता, सोडून गेलेली बाई असल्या विषयांच्या कितीतरी ओळी कुणा एकाच्या नव्हत्याच. जात्यावरच्या ओव्यांसारख्या त्या या तोंडातून त्या तोंडात फिरत.

१९२०च्या दशकात कंपन्यांनी ही गाणी तबकड्यांवर घेतली. १९२९च्या मंदीनंतर धंदा कोसळला आणि गायक आपापल्या वाटेनं पांगले. काहीजण शिकागोला गेले आणि तिथं गिटारला वीज जोडली गेली. १९४३ साली मिसिसिपीतून तिथं गेलेला मडी वॉटर्स हा त्यातला सरदार. या विजेच्या ब्लूजवर पुढं गोऱ्या तरुणांनी मोठा आवाज, दणदणीत ड्रम आणि लांबलचक गिटारवादन चढवलं, तेच ब्लूज रॉक.

पण मिसिसिपी आणि शिकागोचं हे गाणं लंडनच्या पोरांपर्यंत पोहोचलं कसं? तर हातोहात. ऑक्टोबर १९६१मध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला त्याचा बालपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्या होत्या, थेट शिकागोहून टपालानं मागवलेल्या. गप्पा सुरू झाल्या त्या तबकड्यांवरून. पुढं या दोघांच्या संघानं नाव घेतलं ‘रोलिंग स्टोन्स’, तेही मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून. मेयॉलच्या घरी तर तबकड्यांचा मोठा साठा होता आणि क्लॅप्टननं तिथं राहून तो पिऊन टाकला.

माझ्या मते मात्र या साऱ्या कहाणीतलं सर्वात मोलाचं पान लंडनचं नाही. ते १९६४च्या अमेरिकेतलं आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात गोऱ्या शौकिनांच्या दोन वेगवेगळ्या टोळ्या जुन्या तबकड्यांवरची नावं शोधत निघाल्या. त्याच महिन्यात मिसिसिपीत नागरी हक्कांचे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले होते. त्यांचे खून झाल्याचं पुढं उघड झालं. अशा दिवसांत परप्रांतातल्या गोऱ्या पोरांनी तिथं एखाद्या वृद्ध काळ्या गायकाची चौकशी करत फिरणं म्हणजे गंमत नव्हती. एका टोळीला स्किप जेम्स सापडला, मिसिसिपीतल्याच एका इस्पितळात. त्याच्या तबकड्या १९३१च्या. दुसऱ्या टोळीला सन हाऊसचा पत्ता लागला तो थेट न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. त्यानं कित्येक वर्षांत गिटारला हात लावला नव्हता.

सन हाऊसला आपलीच गाणी नीट आठवेनात. तेव्हा बॉस्टनकडचा अ‍ॅलन विल्सन नावाचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा विशीतला पोरगा त्याच्याजवळ बसला. त्याला म्हाताऱ्याच्या जुन्या तबकड्या पाठ होत्या. तुम्ही १९३०मध्ये हे असं वाजवलं होतं आणि नंतर असं, असं म्हणत त्यानं उस्तादाला उस्तादाचीच चीज परत शिकवली. शागिर्दानं फेडलेलं याहून सुंदर कर्ज मला माहीत नाही. १९६५मध्ये सन हाऊसचा नवा अल्बम निघाला.

त्याच वर्षी विल्सन आणि बॉब हाइट यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘कॅन्ड हीट’ हा संघ काढला. हाइट अंगानं अस्वलासारखा आणि हजारो जुन्या तबकड्यांचा धनी. स्किप जेम्सला शोधणाऱ्यांपैकी हेन्री व्हेस्टिन त्यांचा गिटारवादक झाला. म्हणजे संघ कसला, तबकड्या जमवणाऱ्यांचा अड्डाच! त्यांचं १९६८चं ‘ऑन द रोड अगेन’ जरूर ऐका. त्यात मागं जो अखंड षड्ज घुमतो, तो आपल्या तंबोऱ्याचा आहे.

नावाचा हिशेब मात्र इथंही चोख नाही. ‘ऑन द रोड अगेन’च्या श्रेयात जुन्या फ्लॉइड जोन्सचं नाव आहे. त्याच वर्षीच्या ‘गोइंग अप द कंट्री’ची चाल मात्र हेन्री थॉमसच्या १९२८च्या तबकडीवरची, आणि श्रेय एकट्या विल्सनचं. एवढा जाणकार, एवढा प्रामाणिक माणूस. त्याच्याकडूनही हे व्हावं!

आता कुणी म्हणेल, ओळी आणि चाली फिरत्याच होत्या ना, मग चोरी कसली? वादात हा मुद्दा हमखास निघतो. माझं उत्तर असं की, एकाच ओसरीवर बसलेल्यांनी एकमेकांचं उचलणं वेगळं. तिथं देणारा आणि घेणारा दोघंही सारखेच फाटके असतात. लाखांनी खपणाऱ्या अल्बमच्या कागदावर नाव कुणाचं, यावर पैसा कुणाकडे जाणार हे ठरतं. शिकागोच्या विली डिक्सननं लिहिलेलं ‘यू नीड लव्ह’ मडी वॉटर्सनं १९६२मध्ये गायलं. १९६९मध्ये ‘लेड झेपेलिन’चं ‘होल लॉटा लव्ह’ जगभर गाजलं तेव्हा त्यावर डिक्सनचं नाव नव्हतं. १९८५मध्ये त्यानं दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली आणि आता त्याचं नाव श्रेयात येतं. उलट ‘क्रीम’नं १९६६मध्ये स्किप जेम्सचं एक गाणं त्याच्या नावानिशी घेतलं. तो तेव्हा कर्करोगानं आजारी होता. त्या गाण्याच्या मानधनातून त्याच्या औषधोपचाराला हातभार लागला. १९६९मध्ये तो वारला. एका नावाची किंमत ही अशी असते.

म्हणून मित्राला अल्बम सुचवताना जोडीनं सुचवावा. क्लॅप्टनबरोबर रॉबर्ट जॉन्सनचा, १९६१मध्ये निघालेला ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’. मूळ ध्वनिमुद्रणं १९३६-३७ची आहेत, खरखर सोसावी लागेल. रोलिंग स्टोन्स ऐकायचे तर २०१६चा ‘ब्लू अँड लोनसम’. त्यात सगळी गाणी जुन्या ब्लूजवाल्यांचीच आहेत.

आणि एकच न्यायचा असेल तर ‘हूकर एन हीट’. जॉन ली हूकर आणि कॅन्ड हीट यांचा हा अल्बम १९७०मध्ये ध्वनिमुद्रित झाला. हूकर मात्रांचं गणित मानत नसे. लहर लागली की खंड लांबवी, लहर लागली की तोडी. भल्याभल्या साथीदारांची त्रेधा उडे. विल्सन मात्र सावलीसारखा मागोमाग जातो. गाण्यांमधल्या गप्पाही अल्बमवर तशाच ठेवल्या आहेत. त्यात हूकर नवल करतो की हा पोरगा आपल्या मागं येतो तरी कसा, जन्मभर माझ्या तबकड्याच ऐकत बसला होता की काय! अमेरिकेच्या खपाच्या यादीत पोहोचलेला हूकरचा हा पहिला अल्बम. तो १९७१च्या जानेवारीत बाजारात आला. त्याआधीच, सप्टेंबर १९७०मध्ये, विल्सन सत्ताविसाव्या वर्षी गेला होता. मुखपृष्ठावर एका जुनाट हॉटेलच्या खोलीत हूकर आणि संघातली मंडळी दिसतात. मागच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे, आणि तिच्यात विल्सनचं छायाचित्र.