टकलाची परीक्षा आणि उपचार

द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की सुरगाणा तालुक्यातील कित्येक तरुण दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. हंगाम संपवून परतलेला असाच एक पंचविशीतला गडी आमच्या युनियनच्या कचेरीत आला. मुकादमाने हिशेब बुडवला असेल असे समजून आम्ही वही उघडली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस मागे सरले होते आणि टाळू विरळ झाली होती. घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. तीन महिन्यांत केस येतील, या हमीवर त्याने मजुरीतला मोठा हिस्सा तेलाच्या तीन बाटल्यांवर घातला होता. मुकादमाशी भांडता येते, बाटलीशी कसे भांडायचे, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही डॉक्टर नाही. परंतु पुस्तके वाचून व जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम केसाचे आयुष्य पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो व गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. फणीत केस दिसले की टक्कल पडणार, ही भीती निराधार आहे.

पुरुषांच्या आनुवंशिक टकलात गोष्ट निराळी असते. येथे केस एकाएकी गळत नाहीत, तर केसाचे मूळच पिढीगणिक लहान होत जाते. जाड केसाच्या जागी बारीक केस, बारकाच्या जागी लव, आणि शेवटी तीही दिसेनाशी होते. असे का होते, याचा पहिला मोठा उलगडा जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली केला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने पाहिले. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. इतरांचे गेले नाहीत. म्हणजे बी वाडवडिलांचे आणि पाऊस संप्रेरकाचा. दोन्ही जमले तरच हे पीक येते!

पुढे १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे विकर जन्मतःच अपुरे होते, आणि त्यांना टक्कल पडत नव्हते. खरा कारभारी हा दुसरा पदार्थ आहे, हे त्यावरून ध्यानात आले. टक्कल आईच्या बापाकडून येते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण एक महत्त्वाचे जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते. परंतु ते अर्धेच सत्य होय. ब्रिटनमधील बावन्न हजारांहून अधिक पुरुषांच्या २०१७ सालच्या अभ्यासात टकलाशी संबंधित अडीचशेहून अधिक स्थाने सापडली. तेव्हा दोष कोणा एका आजोबांच्या माथी मारू नये.

आता निदान. आनुवंशिक टक्कल वर्षानुवर्षे हळूहळू येते. कपाळाचे कोपरे व टाळू विरळ होते. कानांमागचा व मानेवरचा पट्टा शाबूत राहतो. डॉक्टर भिंगातून पाहतात तेव्हा जाड व बारीक केस एकमेकांत मिसळलेले दिसतात. एवढ्यावर बहुधा निदान होते. महागड्या तपासण्यांची यादी सहसा लागत नाही. याउलट टायफॉइड, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सबंध डोक्यावरचे केस झपाट्याने गळतात व बहुधा काही महिन्यांत परत येतात. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. मुलाच्या डोक्यात खपल्या व तुटके केस दिसले तर गजकर्णाची शंका घ्यावी. अंगात रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा विकार हीही कारणे असतात. प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. म्हणून निदानाआधी बाटली घेणे म्हणजे मोजणीआधीच बांध घालणे होय.

निदानाचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्याने अवघ्या महाराष्ट्राला दाखवले. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा आदी गावांत पुरुष, बायका व मुले यांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. रुग्णांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. आधी संशय शाम्पूवर व पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनामुळे आपल्या परिचयाचे असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून, रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार अधिक असल्याचे व त्यामुळेच केस गेल्याचे मत मांडले. एप्रिलमध्ये त्याच भागातील काहींची नखेही गळू लागली. एका माणसाचे केस हळूहळू गेले तर त्याचे घराणे पाहावे. गावाचे केस एकदम गेले तर गावाचे धान्य आणि पाणी पाहावे. पहिल्यासाठी डॉक्टर पुरे आहे, दुसऱ्यासाठी गावाने एकजुटीने सरकारदरबारी जाब विचारावा लागतो.

आनुवंशिक टकलावर सिद्ध झालेली मुख्य औषधे दोनच आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा डोक्याला लावण्याचा द्राव झाला; अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. आरंभी काही केस अधिकच गळतात. त्याने घाबरू नये. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात. दुसरे फिनास्टराइड, केसांसाठी त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन कमी करते. बहुतेकांची गळती त्याने थांबते, काहींचे केस थोडेफार परत येतात. मात्र थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे, मन खिन्न होणे असे परिणाम दिसतात. ते लपवू नयेत. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि तिचा चुरा गर्भवती स्त्रीने हाताळू नये. दोन्ही औषधे थांबवली की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे, हे मजुरी मोजून घेणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

मागच्या पट्ट्यातील केस पुढे लावले तरी ते आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, यावर केशरोपण उभे आहे. परंतु ती शस्त्रक्रिया आहे, हजामत नव्हे. २०१९ साली मुंबईत एका गृहस्थाचा केशरोपणानंतर थोड्याच अवधीत मृत्यू झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती रीतसर प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी, असे बजावले.

आणि तेल? तेलाने केस मऊ होतात, मूळ मोठे होत नाही. आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांत 'जे' नावाची अनुसूची आहे. ज्या विकारांवर औषध गुणकारी असल्याचा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत टकलाचे नाव स्पष्ट आहे. म्हणजे हमीची चिठ्ठी लावलेली बाटली प्रथम कायद्यापुढे उभी करायला हवी.

त्या गड्याला आम्ही हे सारे सांगितले व डॉक्टरांकडे पाठवले. निदान आनुवंशिक टकलाचेच निघाले. औषध घ्यावे, डोके भादरावे की आहे तसेच राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. टक्कल पडल्याने कोणाचे हात कमजोर होत नाहीत, की संसार अडत नाही. त्याने अजून काही ठरवलेले नाही. चौथी बाटली मात्र घेतली नाही.