मुलगी अजून शिकतेय, मग पगार कसला?



आमच्या डोंबिवलीजवळच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "धाकटीची पीएचडी आहे." लगेच दुसरी म्हणाली, "एम.एस्सी. झाली ना तिची? आता आणखी पाच वर्षं फी कुठून भरणार? आणि लग्न कधी?" खरं सांगते, मी बी.ए. झालेली, मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून पुढच्या बैठकीला त्या मुलीलाच बोलावलं.

ती म्हणाली, "काकू, पीएचडीत वर्गात बसणं थोडं आणि काम जास्त." ज्याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही असा एक प्रश्न घ्यायचा आणि मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रयोगशाळेत त्याचा छडा लावायचा. हे देशाचं काम आहे, म्हणून सरकार त्याचे पैसे देतं. त्याला फेलोशिप म्हणतात. नेटसारखी परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलो झालं, की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. २०२३ पासून हे दर आहेत. फी असते, पण ती यातून भागते.

तिचा विषय जनावरांकडून माणसाला होणारे आजार. हे ऐकून लग्नाचं विचारणारी ताईच पुढे सरकली. तिची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. वार तिनंच हातानं काढली होती, आणि पुढे कित्येक दिवस तिला ताप येत-जात होता, सांधे दुखत होते. मुलगी म्हणाली, "काकू, डॉक्टरांना गाय गाभडल्याचं सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. कोण सांगतं? आपण माणसाच्या डॉक्टरला गोठ्यातलं सांगत नाही आणि गुरांच्या डॉक्टरला आपलं दुखणं सांगत नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, नेमका या फटीतून घरात येतो. तिचा ताप त्याचाच होता की नाही, ते रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. पण गाभडलेलं वासरू आणि वार हातमोज्यांशिवाय उचलू नका, खोल पुरा, दूध उकळूनच प्या. कालवडीला आणि पारडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच टोचतात, ती चुकवू नका.

म्हणून दोन्हीकडचं शिकलेली माणसं लागतात. आपल्याकडे ही वाट नवी नाही. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून बनतं, परळच्या हाफकिननं ते काम वर्षानुवर्षं केलं. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या झाडांचा अभ्यास केला होता! मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली उंदरांवर स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास करून त्यांनी १९४९ साली पीएचडी मिळवली. तेव्हा त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. पुढे फेलोशिपवरच त्या अमेरिकेला गेल्या, परत येऊन इथे काम उभं केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणासाठी त्या राबल्या, हे मला जास्त आवडलं.

आपल्या भागातल्या मुलींना जवळच्या जागा सांगते. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं. तिथे पदवी, मग एम.व्ही.एस्सी., मग पीएचडी. परळलाच प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था आहे. खारघरला टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. नेट पास नसेल तरी सगळं संपत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या समाजगटातल्या पीएचडीच्या मुलांना फेलोशिप देतात. मात्र दर वर्षी जाहिरात आणि अटी नीट वाचा. "पैसे द्या, पीएचडी करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि लग्नाचं? पीएचडीला साधारण सहा वर्षांची मुदत असते. बाईला त्याहून जास्तीची दोन वर्षं मिळू शकतात, आणि बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. यूजीसीच्या नियमातच आहे ते.

मग कर्ज कशाला, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. अडचण अशी की फेलोशिपचा पहिला हप्ता हातात यायला बरेचदा काही महिने लागतात, आणि खोलीभाडं, लोकलचा पास, खानावळ थांबत नाही. पोरी तिथेच कच खातात. म्हणून गटानं ठरवलं : चार महिन्यांच्या खर्चापुरतं कर्ज द्यायचं, पहिला हप्ता आला की एकरकमी फेडायचं. व्याज नेहमीचंच, सवलत नाही, हे मुलीनंच सांगितलं. ठरावावर पहिली सही लग्नाचं विचारणाऱ्या ताईची आहे. दुसऱ्या दिवशी ती रक्त तपासायला गेली.