एका वेळी एकच ओळ

पहाटे साडेपाच, नांदेड

उठल्या उठल्या दोन आकडे बघते. फाइलीत ओळी किती, आणि रात्री चाललेल्या प्रोग्रॅमनं त्यातल्या वाचल्या किती. आज दोन्हींत एका ओळीचा फरक आहे.

सहा लाखांत एक ओळ म्हणजे काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण ही फाइल लातूरच्या एका आडत दुकानाची आहे आणि तिच्यातली एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्यानं एके दिवशी आणलेला माल. तारीख, पावती क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, शेवटी शेरा. दोन रकान्यांच्या मध्ये टॅब. दुकानातला जुना प्रोग्रॅम दहा वर्षं रोज संध्याकाळी या एकाच साध्या टेक्स्ट फाइलीच्या शेपटाला दिवसभरातल्या विक्रीच्या पट्ट्या जोडत आला. आता ती १२० एमबीच्या आसपास पोचली आहे. ती ओळीओळीनं वाचून डेटाबेसमध्ये भरायची, म्हणजे जुनी पट्टी मागायला आलेल्या माणसाला ती तिथल्या तिथं काढून देता येईल, एवढंच माझं काम. एवढंच, पण एकही ओळ न सांडता.

सकाळी सात, बसमध्ये

नांदेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. तीन तास धरायचे. मांडीवर लॅपटॉप ठेवून या रस्त्यावर काम होत नाही, डोक्यात मात्र होतं.

मला लोक विचारतात, अजून पीएचपीतच का लिहिता? रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या माणसानं स्वतःच्या वेबपानासाठी केलेली ही हत्यारं ८ जून १९९५ रोजी सगळ्यांसाठी खुली केली. पीएचपीला तीस वर्षं झाली. त्यानंतर कितीतरी भाषा आल्या. पण नांदेड-लातूरकडचा दुकानदार, क्लासवाला, पतसंस्था ज्या स्वस्त होस्टिंगवर आपली वेबसाइट ठेवतात, तिथं पीएचपी हमखास असते, वेगळा खर्च न करता. बीसीए झालेलं पोरगं ती दुरुस्त करू शकतं. उद्या मी नसले तरी त्या आडतीचं काम अडू नये, हे माझ्यासाठी नव्या भाषेच्या ऐटीपेक्षा मोठं आहे.

अहमदपूरला चहा.

सकाळी सव्वादहा, लातूर

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकावर सुशीला खाल्ली. मुरमुरे भिजवून केलेला हा नाश्ता मराठवाड्याबाहेर कुणाला नीट सांगता येत नाही, खावाच लागतो. तिथून मार्केट यार्ड.

आडतीवर माझ्यासोबत एक शिकाऊ मुलगा असतो, इथल्याच कॉलेजातला. हुशार आहे, घाई करतो. पहिल्यांदा त्यानं पीएचपीच्या 'फाइल' या फंक्शननं अख्खी फाइल एकदम वाचायला घेतली होती. हे फंक्शन सगळ्या ओळी उचलून एका अ‍ॅरेत मांडून देतं. छोट्या फाइलीला उत्तम. पण पीएचपीला डिफॉल्टनं १२८ एमबी मेमरी मिळते, आणि १२० एमबीची फाइल अ‍ॅरेत मांडली की १२० एमबीत मावत नाही, कारण प्रत्येक ओळीमागे तिची लांबी, तिचा पत्ता वगैरे सांभाळायला थोडे जास्तीचे बाइट लागतात. थोडे गुणिले सहा लाख. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: १३४२१७७२८ बाइटची मर्यादा संपली. तो आकडा म्हणजे बरोबर १२८ एमबी. मेमरी वाढवू का, असं त्यानं विचारलं होतं. वाढवता येते. पण पुढच्या वर्षी फाइल अजून वाढेल, मग पुन्हा वाढवणार का?

उपाय जुनाच आहे. 'एफओपन'नं फाइल फक्त उघडायची, मग 'एफगेट्स'नं एक ओळ मागायची, तिचं काम करायचं, ती सोडून द्यायची, पुढची मागायची. मेमरीत एका वेळी एकच ओळ. फाइल १२० एमबीची असो की १२ जीबीची, वाचायला लागणारी मेमरी तेवढीच राहते. आमच्या प्रोग्रॅमची दोन-अडीच एमबीच्या वर गेलेली नाही. दर ओळीला डिस्कवर खेप होते असंही नाही. पीएचपी मागच्या मागं ८१९२ बाइटचा घास घेऊन ठेवते आणि आपल्याला त्यातून ओळ मोडून देते.

तर सकाळचा एका ओळीचा फरक. मुलाला म्हटलं, फाइलीची शेवटची ओळ मला वाचून दाखव. तिथं होतं नुसतं शून्य. जुना प्रोग्रॅम प्रत्येक दिवसाच्या पट्ट्या संपल्या की न विकता परत गेलेल्या मालाचा आकडा एका ओळीत टाकायचा आणि तो बहुतेकदा शून्यच असायचा. मधल्या शून्यांनी काही बिघडवलं नाही, कारण त्यांच्यामागे ओळ संपल्याची खूण आहे. अगदी शेवटच्या शून्यामागे ती नाही. मुलानं लूप लिहिला होता तो असा की एफगेट्सनं काही दिलं तर पुढे चाल. पीएचपीत उघडं शून्य म्हणजे 'काही नाही'. ती ओळ हातात असूनही लूप थांबला, आणि शेवटच्या दिवसाचा हिशोब बंद झालाच नाही, म्हणजे त्या दिवशीच्या साऱ्या पट्ट्या लटकलेल्या. काही दिलं का, असं विचारायचं नसतं. जे दिलं ते तंतोतंत 'फॉल्स' आहे का, असं विचारायचं, बरोबरच्या तीन चिन्हांनी. एफगेट्स फाइल संपली किंवा वाचण्यात चूक झाली तरच फॉल्स देतं. मुलानं बदल केला, चालवलं, आकडे जुळले.

दुपारी बारा

सौद्याची गडबड सुरू आहे, मापाडी ओरडून वजन सांगतायत, हमालांच्या पाठीवर कट्टे. आतल्या खोलीत मुनीम आप्पा माझ्यासमोर बसले आहेत. चाळीसएक वर्षं त्यांनी कीर्द-खतावणी लिहिली. वही तपासताना ते लाकडी पट्टी ओळीखाली ठेवतात, ओळ वाचून झाली की पट्टी बोटभर खाली सरकवतात. वरचं झालेलं, खालचं अजून यायचंय, नजर एकाच ओळीवर. मी मुलाला तेच दाखवलं: एफगेट्स हे असं वाचतं.

माझा नियम असा की कुठल्याही फाइलीतल्या हजारभर ओळी आधी भरायच्या, छापायच्या आणि ज्याला तो धंदा कळतो त्याच्यापुढं ठेवायच्या. आप्पांची पट्टी तिसऱ्या पानावर थांबली.

"ताई, याचं वजन शून्य दावायलंय. शून्य वजनाचा माल कोण आणंल?"

मूळ ओळ काढली. १४ ऑक्टोबर २०१६, सोयाबीन, ४२ कट्टे, वजन २०.८५ क्विंटल, भाव २७००. सगळं जागेवर. फक्त त्या काळात दुकानात मराठी कळफलक होता, त्यामुळे आकडे देवनागरीत पडले आहेत. आपल्या डोळ्यांना २० ते २०च. पण पीएचपीला अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक. देवनागरी आकडा संख्येत बदलायला सांगितला की ती मुकाट्यानं शून्य देते. चूक दाखवत नाही, थांबत नाही. मला या कामातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. मेमरी संपली तर प्रोग्रॅम ओरडतो तरी. इथं ५६,२९५ रुपयांचा माल गप्पकन शून्य होतो.

आणि हे शून्य कुणाच्या पदरात पडलं असतं? ऑक्टोबर ते डिसेंबर २०१६ या तीन महिन्यांत बाजार समितीत सोयाबीन विकलेल्या शेतकऱ्यांना राज्य सरकारनं क्विंटलमागे २०० रुपये अनुदान दिलं, २५ क्विंटलच्या मर्यादेत. अर्जाला सातबाऱ्याबरोबर विक्रीची पट्टी लागायची. या एका ओळीचे ४१७० रुपये होतात. पट्टीवर शून्य वजन असेल तर शून्य गुणिले २००. ते अनुदान आता जुनं झालं, पण असल्या योजना पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी कागद हाच मागतात.

दुरुस्ती पाच मिनिटांची. ओळ हातात आली की आधी तिच्यातले देवनागरी अंक 'एसटीआरटीआर'नं इंग्रजीत बदलायचे, मगच वजन-भावाला हात लावायचा. यातही एक खोच आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटचा, इंग्रजीचा एकाचा. त्यामुळे 'या अक्षरांऐवजी ती अक्षरं' असा नुसता पट्टा दिला तर बाइटाला बाइट जोडून सगळं विस्कटतं. प्रत्येक अंकाची जोडी अ‍ॅरेत वेगळी लिहून द्यावी लागते. शिवाय आता अट घातली: कट्टे आहेत आणि वजन शून्य, अशी ओळ आत जाणार नाही. ती वेगळ्या फाइलीत जाईल, ओळीच्या क्रमांकासह.

दोन वाजता निलंगा राईस आणि ताक.

अडीच

वीज गेली. दुकानाच्या संगणकाला इन्व्हर्टर नाही. मुलाचा चेहरा पडला, कारण भरणी अर्धवट होती. पण दर हजार ओळी डेटाबेसमध्ये पक्क्या करताना आपण फाइलीत कितव्या बाइटवर आहोत हे 'एफटेल' विचारून त्याच व्यवहारात नोंदवून ठेवतो. वीज आली की 'एफसीक'नं थेट त्या बाइटवर जायचं. मागची ओळ दोनदा नाही, पुढची एकही सुटलेली नाही. ज्या गावात वीज जाते तिथल्या प्रोग्रॅममध्ये हे असायलाच हवं, असं मी शिकवताना दरवेळी सांगते.

पाऊण तासानं वीज आली.

चार

२०१५-१६ ची वर्षं लूपमधून जाताना कळतात. तारखांचे आकडे पडद्यावर भराभर पुढे पळतात, कारण दिवसाला ओळीच मोजक्या. त्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. जलदूत म्हणायचे त्या गाडीला. शेतात पाणी नव्हतं तर यार्डात माल कुठून येणार? आप्पा नावं वाचत राहिले आणि मधेच म्हणाले, ह्यानं त्या साली बैल विकले.

याच तासात दुसरी गाठ सुटली. मोठ्या फाइलीखेरीज नव्या संगणकावरून आलेल्या छोट्या फाइलींत 'शेतकऱ्याचे नाव' हा रकाना प्रोग्रॅमला सापडत नव्हता. पडद्यावर जुनं आणि नवं शीर्षक अगदी सारखं दिसतं. बाइट छापून पाहिले तेव्हा दिसलं की 'शेतकऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला गेलाय. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडणीचा वर्ण. माणसाला एक, यंत्राला दोन. म्हणून तुलना करण्याआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्यायची. शेतकऱ्यांची, गावांची नावं शोधतानाही हेच लागू. नाहीतर एकच माणूस यादीत दोनदा यायचा.

काही छोट्या फाइलींत तारखेचा रकानाही सापडेना. त्याचं कारण मुलानं स्वतः शोधलं, याचा मला फार आनंद झाला. विंडोजवर जतन केलेल्या काही फाइलींच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट असतात, ईएफ, बीबी, बीएफ. ते पहिल्या शीर्षकाला चिकटतात. फक्त पहिल्या ओळीवर ते छाटायचे. ओळीच्या शेवटची खूण काढतानाही त्याला सांभाळून जायला सांगितलं: 'आरट्रिम' नुसतं वापरलं तर टॅबही खातं, आणि जिचा शेरा रिकामा आहे त्या ओळीचा एक रकानाच गळतो. फक्त ओळ संपल्याच्या दोन खुणा काढ, एवढंच आरट्रिमला सांगायचं.

सहा

निघायच्या वेळी रेणापूरकडचे एक आजोबा दारात आले. मागली पट्टी घावंल का, म्हणाले. साल आठवत नव्हतं, नाव आणि गाव सांगितलं. मुलानं टंकलं. चार पट्ट्या आल्या, त्यातली तिसरी त्यांची. छापून दिली. आजोबांनी वजनावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि कागद दुमडून बंडीच्या खिशात घातला.

रात्री साडेनऊ, नांदेड

परतीच्या बसमध्ये झोपले. घरी आल्यावर भरणीचा अहवाल उघडला. वाचलेल्या ओळी बरोबर आत गेलेल्या अधिक बाजूला काढलेल्या, बेरीज बसते. बाजूला काढलेल्या दोनशेच्या आत आहेत. काहींत टॅब कमी, काहींत भावाच्या जागी गावाचं नाव, काहींत तारीखच नाही. या मी अंदाजानं भरणार नाही. आप्पांना फोन केला आणि त्यातल्या पहिल्या काही वाचून दाखवल्या. एका ओळीत गावाचा रकाना कोरा होता. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "हा मुरुडचा. पर नुसतं माझ्या सांगण्यावर घालू नका. वही काढून बगतो, सकाळी सांगतो." ओळीपुढं 'वही बघणे' असं लिहिलं आणि पुढची वाचायला घेतली.