दोन फेऱ्यांचं पेट्रोल

तुमच्या बाबांची मोटारसायकल कधी रिझर्व्हला लागलीय? समजा, भोरहून वेल्ह्याला निघालात. नसरापूर मागे पडलं, मार्गासनी गेलं, विंझर आलं, समोर तोरणा दिसू लागला आणि गाडी गचके देऊ लागली. गाडी जुनी असेल तर बाबा हात खाली घालून कॉक फिरवतात आणि म्हणतात, "पोचू रे!" त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कळतं, खात्री त्यांनाही नाही.

आता अशी गाडी डोळ्यांसमोर आणा, जिला रिझर्व्ह नाही आणि पेट्रोलचा काटाही नाही! अमेरिकेतल्या स्टॉक कार अशाच असतात. दिसायला शोरूममधल्या मोटारीसारख्या, पण आतलं सगळं शर्यतीसाठी बांधलेलं. 1948 मध्ये सुरू झालेली नॅस्कार ही संस्था त्यांच्या शर्यती भरवते.

त्यातली एक लांबलचक शर्यत शार्लट गावी मे महिन्यात होते. 600 मैल, म्हणजे सुमारे 965 किलोमीटर. भोरहून पुण्याला दहा वेळा जाऊन या, जवळपास तेवढं अंतर. पण इथे जायचं कुठंच नाही! 2.4 किलोमीटरच्या एकाच रिंगणात 400 फेऱ्या मारायच्या.

जरा वही काढा. 2011 च्या सुमारास टाकीत 68 लिटर इंधन मावायचं, आणि एवढ्या वेगात गाडी लिटरला जेमतेम दोन किलोमीटर जायची. एका टाकीत किती फेऱ्या? साधारण 56. म्हणजे वाटेत निदान सात वेळा थांबायलाच हवं. मेकॅनिक तेव्हा बारा-पंधरा सेकंदांत चार टायर बदलून टाकी भरायचे खरे, पण तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जायचे. काटा नसल्यामुळे हिशोब ठेवायचा तोही मेकॅनिकांनीच. इंधनाचा कॅन ओतण्याआधी आणि ओतल्यावर वजन करायचं, की किती गेलं ते कळतं. आपला वाणी तेल तोलतो ना, तसंच!

चालकही काटकसर करतो. वळणाच्या बरंच आधी पाय उचलतो, पुढच्या गाडीच्या अगदी मागे राहतो. तिथे हवेचा अडथळा कमी लागतो. अपघात झाला की पिवळा झेंडा दाखवतात आणि सगळे हळू चालतात. तेव्हा काही जण इंजिनच बंद करतात. (आपल्या वरंध घाटात हे कुणी करू नका हं! इंजिन बंद झालं की ब्रेक जड होतात.)

लोकांचा लाडका चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर याने जून 2008 मध्ये मिशिगनची शर्यत अशीच जिंकली. त्याच्या गाडीतलं इंधन संपलं, पण रेषा ओलांडल्यावर! त्यानंतर मात्र विजय रुसला तो रुसलाच.

29 मे 2011. शार्लट. शर्यत संपायला चारेक फेऱ्या उरल्या असताना एका गाडीचं इंजिन फुटलं आणि पिवळा झेंडा आला. आता पंचाईत! नॅस्कारच्या नियमाप्रमाणे अशा वेळी शर्यत थोडी लांबवतात. 400 च्या झाल्या 402 फेऱ्या. दोन फेऱ्या म्हणजे पावणेपाच किलोमीटर, आपल्या हिशोबाने अडीच लिटर इंधन. ते आणायचं कुठून? थांबून भरावं तर पुढची जागा जाणार, न थांबावं तर गाडी वाटेत बंद पडणार. ज्युनियरच्या चमूने न थांबायचं ठरवलं.

हिरवा झेंडा हलला आणि सर्वांत पुढे असलेल्या केसी केनचीच गाडी अडखळली. इंधन खलास! मागच्यांची एकच धांदल उडाली. त्या गोंधळातून ज्युनियर पुढे निसटला. शेवटची फेरी, पहिला नंबर, प्रेक्षक उभे राहून ओरडताहेत. आणि शेवटच्या वळणाशी येता येता त्याचंही इंजिन गप्प झालं. केव्हिन हार्विक सणसणत पुढे गेला आणि जिंकला. ज्युनियर घरंगळत घरंगळत रेषेपर्यंत पोचला, तोवर सातवा झाला होता.

तीन वर्षांपूर्वी हाच जुगार साधला होता. चूक म्हणावी का? मला नाही वाटत. थांबला असता तर पहिला नंबर त्याच्या वाट्याला आलाच नसता. तुम्ही काय केलं असतं? घरी बाबांनाही विचारून पाहा.

ज्युनियर पुन्हा जिंकला तो जून 2012 मध्ये, पुन्हा मिशिगनलाच. मधे 143 शर्यती गेल्या होत्या. या वेळी त्याने दुसऱ्या क्रमांकाला पाच सेकंदांहून जास्त मागे टाकलं होतं.