आपत्कालीन प्रकाशव्यवस्थेसाठी इन्व्हर्टरची निवड : महाविद्यालयीन इमारतींच्या संदर्भात

प्रस्तावना

वीजपुरवठा खंडित होणे ही महाराष्ट्रातील शैक्षणिक संस्थांना नवी बाब नाही. साधारणतः २००५ ते २०१२ या काळात राज्याने तीव्र भारनियमन अनुभवले. वीजहानी व देयक-वसुली यांच्या प्रमाणानुसार फीडरचे गट पाडले गेले आणि ज्या गटात गाव, त्यानुसार तेथील महाविद्यालयाचा अंधार ठरू लागला. याच काळात इन्व्हर्टर ही चैनीची वस्तू न राहता कार्यालयीन साहित्याचा भाग बनली. पुढे नियमित भारनियमन ओसरले. तथापि धोका संपला नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली, तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई व परिसरातील वीज एकाएकी गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या.

असे असूनही बहुतेक महाविद्यालयांत इन्व्हर्टरची खरेदी 'किती व्हीएचा घ्यावा' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. कोणता प्रकाश, कोणत्या ठिकाणी आणि किती वेळ टिकला पाहिजे, हे आधी निश्चित झाल्याशिवाय कोणतेही यंत्र योग्य ठरत नाही.

आपत्कालीन प्रकाश म्हणजे काय ?

सोयीचा प्रकाश आणि सुरक्षिततेचा प्रकाश यांत मूलभूत फरक आहे. प्राचार्यांच्या दालनातील पंखा किंवा कार्यालयातील संगणक चालू राहणे ही सोय होय. सायंकाळच्या सत्रात तिसऱ्या मजल्यावरून शे-दीडशे विद्यार्थी खाली उतरत असताना जिना दिसणे, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेटता बर्नर बंद करता येणे, मुलींच्या वसतिगृहातील मार्गिका व स्वच्छतागृह उजळलेले असणे ही सुरक्षितता होय. राष्ट्रीय इमारत संहितेने आपत्कालीन प्रकाशव्यवस्था किमान दीड तास टिकावी अशी अपेक्षा ठेवली आहे, ती या दुसऱ्या प्रकारच्या प्रकाशाबाबत.

व्यवहारात मात्र दोन्ही भार एकाच इन्व्हर्टरवर जोडले जातात. परिणामी सोयीची उपकरणे बॅटरी संपवितात आणि नेमक्या गरजेच्या वेळी जिना अंधारात राहतो.

भाराचे गणित

एका दुमजली इमारतीचे उदाहरण घेऊ. जिन्यात ९ वॅटचे ६ एलईडी दिवे (५४ वॅट), स्वच्छतागृहे व प्रवेशद्वारी तसेच ४ दिवे (३६ वॅट), मार्गिकांत २० वॅटच्या ८ एलईडी ट्यूब (१६० वॅट) आणि ग्रंथालयाच्या वाचनकक्षात तशाच १० ट्यूब (२०० वॅट) अशी किमान गरज धरल्यास एकूण भार ४५० वॅट होतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटच्या काळात एवढ्याच प्रकाशासाठी याच्या दुपटीहून अधिक वीज लागत असे. त्यामुळे इन्व्हर्टर घेण्यापूर्वी दिवे बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

इन्व्हर्टरवर लिहिलेली क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये, म्हणजे व्हीएमध्ये असते, वॅटमध्ये नव्हे. शक्तिगुणक ०.८ धरल्यास ४५० वॅटसाठी सुमारे ५६३ व्हीए लागतात. त्यात चतुर्थांश राखीव मिळविल्यास सुमारे ७०० व्हीए होतात. म्हणजेच बाजारात सहज मिळणारा ८०० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर या कामास पुरेसा आहे. मोठा इन्व्हर्टर घेतल्याने प्रकाश अधिक वेळ टिकत नाही. तो एका वेळी अधिक भार पेलू शकतो, इतकेच. वेळ ठरविते ती बॅटरी.

बॅटरी : वेळेचे खरे परिमाण

वरील ४५० वॅटचा भार ३ तास चालवावयाचा झाल्यास १,३५० वॅट-तास ऊर्जा लागते. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे १,६९० वॅट-तास घ्यावे लागतात. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ७० टक्केच वापर गृहीत धरल्यास सुमारे २,४१० वॅट-तासांची, अर्थात १२ व्होल्टवर सुमारे २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक ठरते. बॅटरीवर छापलेली '१५० अँपिअर-तास' ही क्षमता बहुधा 'सी २०' पद्धतीची असते; म्हणजे ती ७.५ अँपिअर इतक्या मंद प्रवाहाने २० तासांत मोजलेली असते. प्रस्तुत उदाहरणात एका १२ व्होल्ट बॅटरीतून सुमारे ४७ अँपिअर प्रवाह घेतला जाईल. प्रवाह जितका जास्त, तितकी प्रत्यक्ष मिळणारी क्षमता कमी. त्यामुळे कागदावर सव्वादोन तास चालणारी १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी प्रत्यक्षात त्याहून बरीच आधी थकते. त्याऐवजी तशा दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर वापरल्यास प्रवाह निम्म्यावर, म्हणजे सुमारे २३ अँपिअरवर येतो आणि ३ तासांची अपेक्षा निश्चिंतपणे पूर्ण होते.

आता याच जोडणीवर ७५ वॅटचे केवळ सहा पंखे जोडले, की भार ९०० वॅट, म्हणजे दुप्पट होतो आणि वेळ मात्र निम्म्याहूनही कमी होते. ७०० व्हीएच्या हिशेबाने घेतलेला इन्व्हर्टरही अपुरा पडतो. आपत्कालीन दिव्यांचे सर्किट स्वतंत्र असावे आणि त्यावर एकही सॉकेट नसावे, या आग्रहामागील कारण हेच आहे.

खंडित पुरवठ्याचे स्वरूप

निवड करताना त्या गावातील वीज कशी जाते, याचाही विचार व्हावा. अधूनमधून अर्धा-एक तास वीज जाणाऱ्या शहरात लहान बॅटरी पुरते. दिवसातून दोनदा दीर्घकाळ वीज जात असेल, तर चार्ज होण्याचा वेळ निर्णायक ठरतो. कारण १५ अँपिअरने चार्ज होणाऱ्या १५० अँपिअर-तासांच्या रिकाम्या बॅटरीस साधारण ११ ते १२ तास लागतात. चक्रीवादळासारख्या प्रसंगी पुरवठा अनेक दिवस बंद राहतो, तेव्हा केवळ इन्व्हर्टर उपयोगी पडत नाही. अशा किनारी भागात सौर पॅनेलची जोड किंवा जनित्र यांचाच विचार करावा लागतो.

मराठवाडा व विदर्भातील उन्हाळा हा आणखी एक घटक होय. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांनी शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पत्र्याखालच्या अडगळीच्या खोलीत ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली, तरी वजनाने हलकी व दीर्घायुषी असते. तिला पाणी घालावे लागत नाही आणि तिची अधिक क्षमता वापरता येते.

सुरक्षितता आणि जोडणी

चार्ज होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे ती हवेशीर जागी, ठिणगी व ज्वालेपासून दूर, आणि बाहेर पडण्याच्या मार्गात येणार नाही अशी ठेवावी. जिन्याखालची मोकळी जागा सोयीची वाटली, तरी ती योग्य नव्हे.

मुख्य स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या तारांत वीज खेळत असते. दुरुस्तीस आलेल्या कामगारास हे ठाऊक नसेल, तर प्राणावर बेतू शकते. वितरण फलकावर तशी ठळक मराठी सूचना असणे आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल स्वतंत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. तसेच मध्यवर्ती इन्व्हर्टरची एक तार जळाली, तरी संपूर्ण मार्ग अंधारतो. म्हणून जिन्याच्या प्रत्येक वळणावर अंतर्गत बॅटरी असलेला एक तरी स्वतंत्र आपत्कालीन दिवा असावा. पंखे व संगणकासाठी वेगळा इन्व्हर्टर घ्यावयाचा असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. चौरस तरंगाच्या यंत्रावर पंखे घरघरतात व तापतात.

खरेदी आणि देखभाल

खरेदी समितीपुढे येणाऱ्या दरपत्रकांत बहुधा फक्त व्हीएचा आकडा असतो आणि कमीत कमी दर मंजूर होतो. अशा वेळी किमतीतील फरक बहुतांशी बॅटरीतूनच काढलेला असतो. हे टाळण्यासाठी मागणीपत्रात भार वॅटमध्ये, अपेक्षित वेळ तासांत, बॅटरीची क्षमता व ती कोणत्या दराने मोजली आहे, तरंगाचा प्रकार, आणि हमीपैकी किती महिने पूर्ण बदलून मिळण्याचे व किती महिने प्रमाणशीर सवलतीचे, हे स्पष्ट नमूद करावे. मालाची पावती देण्यापूर्वी पूर्ण भार जोडून, घड्याळ लावून चाचणी घ्यावी.

पुढे दरमहा काही मिनिटे मुख्य पुरवठा बंद करून दिवे तपासणे, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणे आणि वर्षातून एकदा पूर्ण कालावधीची चाचणी घेणे, या तीन गोष्टींची नोंदवही असावी व तिच्यावर एका निश्चित व्यक्तीची सही असावी. निकामी बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लक्षात घेता ती भंगारात न विकता विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की इन्व्हर्टरची निवड ही मुख्यतः काय जोडावयाचे नाही याची निवड आहे. प्रथम जागा, मग वेळ, मग वॅट, मग बॅटरी आणि सरतेशेवटी इन्व्हर्टर, असा क्रम पाळल्यास साध्या अंदाजपत्रकातही सुरक्षित व्यवस्था उभी राहू शकते. भौतिकशास्त्र विभागाने आपल्या इमारतीचा असा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास ते एक उत्तम प्रकल्पकार्यही ठरेल. जिन्यातील ५४ वॅट शेवटपर्यंत टिकतात की नाही, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी होय.