सांगलीत लंडनसारखी हिरवळ का टिकत नाही?

लंडन आणि सांगली, दोन्हीकडे वर्षाला साधारण 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी लंडनच्या बागा बहुतेक वर्षभर हिरव्या, आणि आपल्याकडे मार्चमध्येच गवत पिवळं पडतं. कारण लंडनला पाऊस बारा महिने थोडाथोडा येतो. सांगलीत तो जून ते ऑक्टोबरमध्येच बहुतेक उरकतो, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला भिडतो.

गवताची जातही वेगळी. इंग्लंडचं राय गवत थंडीचं. कडक उन्हात त्याचं अन्न बनवणं मंदावतं. आपली हरळी मात्र ऊस, ज्वारी, मका यांच्या गोटातली. या वनस्पती पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरतात, त्यामुळे कमी पाण्यात जास्त वाढतात. खोल गेलेल्या काशांमुळे हरळी उन्हाळ्यात वरून वाळली तरी खालून जिवंत राहते. शेतकरी तिला खुरप्यानं उपटून बेजार होतो, हे खरंच. पण बागेसाठी तिच्यासारखं गवत नाही.

तिलाही उन्हाळाभर हिरवीगार ठेवायची तर रोज अंदाजे 5 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे गुंठ्याला 500 लिटर! आटपाडी, जत, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांमध्ये हा हिशेब परवडणारा नाही. तिथे सार्वजनिक बाग म्हणजे सावली हवी: चिंच, कडुलिंब, वड.

साताऱ्याचं कास पठारही पावसाळ्यात फुलतं, उन्हाळ्यात तपकिरी होतं. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं ते असंच. तुमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत लॉनचा प्रस्ताव आला, तर आधी झाडांचा आग्रह धरा.